पट्टी दाखवा, मग टक्का सांगा



आधी शेताची नोंद. भात पोटरीत आलंय, माळाकडच्या दोन खाचरांत निसवायला पण लागलंय. खारातल्या तुकड्यात परवाच्या उधाणाचं पाणी बांधाला टेकलं होतं, पण आत नाय शिरलं. खेकड्यांनी बांध पोखरलाय, सकाळी चिखल आणि पेंढा कोंबून बिळं बुजवली. झाडाच्या सावलीतल्या खाचरात करप्याचे ठिपके दिसले, बाकी ठीक. खारातलं बियाणं पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचं आहे, ते या वर्षी पण टिकून आहे. कृषी सहायक साहेबांना फोटो पाठवलेत.

एवढी नोंद पुरे. आज जे लिहायचंय ते भातावर नाय, व्हिडिओवर आहे. पण शेतकऱ्यानेच वाचावं असं आहे, कारण ही फसवणूक आपण पिढ्यानपिढ्या ओळखतो, फक्त कपडे नवीन घालून आलीय.

माझा पुतण्या शेतीचे व्हिडिओ बनवतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलेत, बांध बुजवताना खेकडा बोटाला चावला तो मीच. पोरगा कामाला जातो, सुटीच्या दिवशी शेतात येतो, मोबाईल काठीला बांधतो आणि शूटिंग करतो. पहिले हजार सबस्क्रायबर आणि चार हजार तासांचा वॉच टाईम पुरा करायला त्याला पावणेदोन वर्षं लागली. मग गूगलचा पिन पोस्टाने घरी आला. पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा घरात पेढे वाटले. शंभर डॉलर जमले की पैसे बँकेत येतात, तर पहिले शंभर जमायला पाच महिने लागले. तरी पोरगा खूश होता, आणि मी पण. भातात एकरी काय सुटतं ते मी इथे दर वर्षी लिहितोच, त्यामुळे माझ्या आनंदाचं कारण तुम्हाला वेगळं सांगायला नको.

सबस्क्रायबर ऐंशी हजाराच्या पुढे गेले तेव्हा एका नेटवर्कचा माणूस भेटायला आला. नाव लिहीत नाय. माझं भांडण एका माणसाशी नाय, पद्धतीशी आहे. नेटवर्क म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाय त्यांच्यासाठी: यूट्यूब आणि व्हिडिओ बनवणारा यांच्या मधे बसलेली कंपनी. शेकडो चॅनेल आपल्या छत्रीखाली घेते. म्हणते, आम्ही तुम्हाला जाहिराती मिळवून देऊ, कॉपीराइटचं लफडं झालं तर सोडवू, चॅनेल वाढवू, त्याबदल्यात तुमच्या कमाईत आमचा हिस्सा. यूट्यूबचा पैसा मग सरळ तुमच्या खात्यात येत नाय. तो नेटवर्कच्या खात्यात जातो आणि नेटवर्क तुम्हाला देतं. थोडक्यात, आडत्या.

आडत्या असणं हा गुन्हा नाय. माल विकायला माणूस लागतो. माझा बाप तोंडली आणि भेंडी टोपलीत घालून पहाटे बाजाराला न्यायचा. त्याचा आडत्या चांगला होता आणि वाईट पण होता, पण दोन्ही दिवशी तो पट्टी द्यायचा. पिवळ्या कागदावर माल किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, आडत किती, हातात किती. बाप दोन इयत्ता शिकलेला, पण पट्टी घरी आणून माझ्याकडून वाचून घ्यायचा आणि खिळ्याला टोचून ठेवायचा. पट्टीत लबाडी असायची, नसायची असं मी म्हणत नाय. वजनात मारायचे, "नासका माल" म्हणून कापायचे. पण लबाडी पकडायला कागद तरी होता. भांडायला आकडा होता.

पुतण्याच्या पट्टीचं ऐका.

करार तीन वर्षांचा. नेटवर्कचा हिस्सा तीस टक्के, पोराचा सत्तर. नोव्हेंबर २०२३ चा हिशोब पहिला. तेव्हा यूट्यूबच्या पानावर कमाईचा आकडा पोराला दिसत होता: २१२ डॉलर. तेव्हा डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे १७,५९६ रुपये. त्याचे सत्तर टक्के १२,३१७. त्यातून दहा टक्के टीडीएस कापला असं धरा, १,२३२ गेले, राहिले ११,०८५. खात्यात आले ९,४००.

मधले १,६८५ रुपये कुठे गेले?

पोराने मेसेज केला. उत्तर आलं, "बँक चार्जेस, कन्व्हर्जन, प्लॅटफॉर्म ॲडजस्टमेंट." मी म्हटलं, प्रत्येकाचा आकडा माग. मागितला. उत्तर आलं, तुमचा हिस्सा "निव्वळ उत्पन्नावर" आहे, करार वाचा. वाचला. करार इंग्रजीत, अठरा पानं. निव्वळ म्हणजे काय काय वजा करून, ते "कंपनी वेळोवेळी ठरवील" असं लिहिलेलं. आणि दोन महिन्यांनी यूट्यूबच्या पानावरचा तो पैशाचा आकडाच पोराला दिसेनासा झाला. व्ह्यूज दिसतात, लाईक दिसतात, कुठल्या जिल्ह्यातून किती लोकांनी बघितलं ते दिसतं. पैसे दिसत नाय. विचारलं तर म्हणे, ती परवानगी आमच्याकडे असते, सगळ्या पार्टनरना आम्ही महिन्याचं स्टेटमेंट देतो. स्टेटमेंट म्हणजे एक ओळ. महिना आणि रक्कम.

माल माझा, शेत माझं, खेकडा चावला मला, आणि भाव किती मिळाला ते मला दिसायचं नाय.

जुन्या माणसांना हत्ता पद्धत आठवत असेल, नायतर बापाकडून ऐकली असेल. आडत्या आणि व्यापारी समोरासमोर बसायचे, हातावर रुमाल टाकायचे, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. शेतकरी बाजूला उभा. त्याच्या मालाचा सौदा त्याच्या डोळ्यांसमोर चालायचा आणि त्याला कळायचं नाय. मग आडत्या सांगेल तो भाव. ही पद्धत बंद करून उघड लिलाव आणायला कायदे करावे लागले. वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा १८९७ साली आला, आपल्या राज्यातला बाजार समितीचा कायदा १९६३ चा. मधे साठ-सत्तर वर्षं गेली. नेटवर्कवाल्यांनी काय केलं? रुमाल परत आणला. फक्त आता रुमाल चकचकीत आहे आणि त्याला डॅशबोर्ड म्हणतात.

आता कोणी म्हणेल, काका, यूट्यूब तर उघड सांगतं. खरंय, जे उघड आहे ते उघडच म्हणणार. मोठ्या व्हिडिओवर लागलेल्या जाहिरातीच्या पैशातले ५५ टक्के बनवणाऱ्याला, ४५ यूट्यूबला. हे त्यांनी लिहून ठेवलंय. बाजारातल्या कुठल्याही आडतीपेक्षा ४५ टक्के भयानक आहेत, पण निदान आकडा भिंतीवर लावलाय.

शॉर्ट्सचा हिशोब बघा. फेब्रुवारी २०२३ पासून त्यातही जाहिरातीचा हिस्सा मिळतो. आकडा सांगतात ४५ टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण कशाचे ४५? शॉर्ट्सच्या मधे मधे ज्या जाहिराती लागतात त्यांचा सगळा पैसा महिन्याला एका ढिगात जमा होतो. तुमच्या शॉर्टमधे एक गाणं असेल तर तुमच्या व्ह्यूजच्या वाटणीचा अर्धा पैसा आधीच गाण्याच्या हक्कासाठी बाजूला जातो. दोन गाणी असतील तर दोन तृतीयांश. उरलेल्या ढिगात देशातल्या एकूण व्ह्यूजमधे तुमचा वाटा किती ते मोजतात, आणि त्या वाट्याचे ४५ टक्के तुमच्या हातात. ढीग केवढा होता? ते तुम्हाला दिसत नाय. खळ्यावर भाताची रास किती मणाची होती ते न सांगता कोणी "तुझा वाटा पावणेदोन पायली" म्हटलं तर आपले आजे गप्प बसले असते का? अलिबागकडच्या चरीच्या कुळांनी खोतांच्या वाटणीविरुद्ध १९३३ पासून १९३९ पर्यंत शेतं कसली नाय. सहा वर्षं. भूक काढली, पण खोत मोजेल तोच वाटा हे मान्य केलं नाय.

आता खाडीपलीकडची गोष्ट. मे २०२५ मधे मुंबईला वेव्हज नावाचं मोठं संमेलन झालं, पंतप्रधान आले होते. तिथे यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांनी सांगितलं की मागच्या तीन वर्षांत कंपनीने भारतात २१,००० कोटी रुपये दिले, आणि पुढच्या दोन वर्षांत आणखी ८५० कोटी गुंतवणार. टाळ्या पडल्या. पेपरात पहिल्या पानावर आलं. मी आमच्या अटल सेतूच्या या टोकाला बसून ते वाचलं आणि पहिला प्रश्न पडला तो हा की २१,००० कोटी कुणाकुणाला? त्या वाक्यात "क्रिएटर, कलाकार आणि मीडिया कंपन्या" अशी तिन्हींची मोळी बांधलेली आहे. मोठी म्युझिक कंपनी, टीव्हीचं चॅनेल आणि माझा पुतण्या एकाच मोळीत. त्यातून नेटवर्कांनी मधल्यामधे किती ठेवले, तो आकडा त्या भाषणात नव्हता. साखर कारखान्याच्या सभेत चेअरमन "आपण शेतकऱ्यांना इतके कोटी वाटले" म्हणतो तेव्हा मागच्या रांगेतला म्हातारा उठून विचारतो, "टनाला किती ते सांगा." वेव्हजमधे तो म्हातारा नव्हता.

बाहेरच्या देशात हे सगळं आपल्या आधी होऊन गेलंय. अमेरिकेत मशिनिमा नावाचं नेटवर्क होतं, गेम खेळणाऱ्या पोरांचे व्हिडिओ घ्यायचं. काही पोरांनी सही केलेल्या करारात मुदतच नव्हती, कायमचा करार. २०१३ च्या सुमारास एका पोराने हे बोलून दाखवलं तेव्हा बाकीच्यांनी आपापले कागद काढून बघितले. पुढे २०१९ मधे ते नेटवर्क बंद पडलं, आणि वर्षानुवर्षांचे व्हिडिओ एका दिवसात लोकांना दिसेनासे झाले. डिफाय मीडियाचं आणखी वाईट. नोव्हेंबर २०१८ मधे कंपनी अचानक बंद झाली. यूट्यूबने चॅनेलवाल्यांच्या नावावर दिलेला पैसा कंपनीच्या खात्यात होता, आणि कंपनीवर बँकेचं कर्ज. पोरं आपला पैसा मागत राहिली. आडत्या पळाला की काय होतं ते द्राक्षवाल्यांना आणि कांदेवाल्यांना मी काय सांगणार!

आणि ही फक्त पोरासोरांची तक्रार आहे असं समजू नका. आपल्या देशातल्या मोठमोठ्या वर्तमानपत्रांच्या डिजिटल संघटनेने गूगलविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, आणि आयोगाने जानेवारी २०२२ मधे चौकशीचा आदेश काढला. तक्रारीतला एक मुद्दा काय? जाहिरातदाराकडून एकूण किती पैसा घेतला आणि त्यातला किती टक्के आम्हाला दिला, ते आम्हाला सांगतच नाहीत. ज्यांच्याकडे वकिलांची फौज आहे, छापखाने आहेत, ते पण अंधारात. मग जासईच्या पोराची काय कथा.

जासईवरून आठवलं. विषय सोडतोय असं वाटेल, पण नाय सोडत.

टक्क्याची लढाई आमच्या गावाला कोणी शिकवायची गरज नाय. दि. बा. पाटील इथले. सिडकोसाठी ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन गेली तेव्हा त्यांनी शेतकऱ्याला फक्त मोबदला नको, विकसित जमिनीत हिस्सा हवा ही मागणी लावून धरली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दास्तान फाट्यावर आणि नवघर फाट्यावर गोळीबार झाला, पाच माणसं गेली. दर वर्षी आम्ही त्यांना मानवंदना देतो. त्या रक्तातून साडेबारा टक्क्यांची योजना आली, आणि देशात इतर ठिकाणी लोक तिचं उदाहरण देतात.

पण साडेबारा म्हणजे किती, हे शेतकऱ्याला प्लॉट हातात पडल्यावर कळलं. साडेबारातले तीस टक्के, म्हणजे पावणेचार टक्के, सामाजिक सुविधांच्या नावाने वजा. हातात पावणेनऊ. ते पावणेचार टक्के परत द्या ही मागणी अजून सभांमधे होते. बोलताना सगळे साडेबाराच बोलतात, मोजताना पावणेनऊ निघतात. मी तेव्हापासून एक सवय लावून घेतलीय. कोणी टक्का सांगितला की मी विचारतो, कशाचा, आणि वजाबाकीनंतरचा की आधीचा. पुतण्याने सही करायच्या आधी मला हे विचारलं असतं तर! पण विचारलं नाय. आणि खरं सांगू, विचारलं असतं तरी तेव्हा मी पण म्हटलं असतं, कर रे सही, शहरातले लोक घरी चालून आलेत. आमच्या ओटीवर बसून त्या माणसाने चहा घेतला, मीच खुर्ची पुसून दिली. हा दोष माझ्या पदरात आहे.

आता जे लोक मला गप्प करायला येतात त्यांचं.

पहिला म्हणतो, यूट्यूब फुकट आहे, तुम्हाला कोणी बोलावलं नव्हतं, जे मिळतं ते वरचं आहे. हे बोलणारा माणूस पगारदार असतो, बघा तुम्ही. बाजार समितीचा गाळा पण आम्ही बांधलेला नाय. म्हणून तोलकाट्याचा आकडा बघायचा हक्क जातो का? आणि फुकट कसलं? आमचा व्हिडिओ नसता तर जाहिरात कशावर लागली असती, भिंतीवर?

दुसरा म्हणतो, सही केलीस, आता भोग. यात थोडं तथ्य आहे, सही ही सही. पण कायदा सगळ्या सह्या डोळे मिटून मानत नाय. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्यात गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा बरोबरीचा हक्क करारात लिहून देऊन टाकता येणार नाय अशी तरतूद केली. का केली? कारण लोक गरजेपोटी सगळं लिहून देत होते. आमच्या आगरी लग्नात धवलारीण धवला म्हणते. ओळखीतल्या एका म्हातारीचे धवले कोणी तरी येऊन रेकॉर्ड केले, तिला एक साडी आणि पाचशे रुपये दिले. ते आता मोबाईलवर वाजतात, आधी जाहिरात लागते मग म्हातारीचा आवाज. तिला मी ऐकवलं तर म्हणाली, "मना काय म्हाईत, बाला. साडी बरी होती." तिने तर सही पण केली नव्हती.

तिसरा जरा शिकलेला. म्हणतो, आकडे हे कंपनीचं व्यापारी गुपित आहे, दुसऱ्या चॅनेलचे दर उघड होतील. अरे बाबा, दुसऱ्याचे कोण मागतंय? मला माझ्या मालाची पट्टी पाहिजे. शेजारच्या गोणीचा भाव मी बाजारात पण मागत नाय, लिलावात तो कानावर पडतो ती गोष्ट वेगळी.

आता सगळ्यात जड भाग, आणि हा माझ्या कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या वाचकांनी नीट वाचावा.

मागच्या वर्षी नेटवर्कने पोराला एक "ब्रँड डील" आणून दिली. भातासाठी टॉनिकची बाटली. कंपनीचं नाव लिहीत नाय. बोलायचं काय ते टाईप करून आलं होतं. पोराने मला सांगितलं, काका, खाचरात उभं राहून बाटली दाखवायची आणि "फुटवे चांगले आलेत" म्हणायचं. फुटवे चांगले आलेच होते. ते चारसूत्री लागवडीने आणि ब्रिकेटने आले होते, बाटली तर त्या दिवशी सकाळी कुरिअरने आली होती. मी म्हटलं. तुमच्यापासून लपवत नाय, मी कॅमेऱ्यासमोर म्हटलं. पोराला त्याचे सहा हजार मिळाले. कंपनीने नेटवर्कला किती दिले ते आजपर्यंत कळलेलं नाय.

दोन महिन्यांनी कर्जतकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. तो शिव्या देत नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाला, दादा, तुमचं बघून तीन बाटल्या आणल्या, काही फरक नाय, माझं काय चुकलं असेल? फवारणी सकाळी केली की संध्याकाळी, कसं करायचं होतं? मी काय सांगणार? त्याला म्हटलं, तुमचं काही चुकलं नाय, ते पैसे घेऊन बोललो होतो. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि बरं म्हणाला. फोन ठेवला. ती ओळ मला अजून ऐकू येते.

व्हिडिओवर "सशुल्क जाहिरात" असं लिहिलं होतं का? नव्हतं. जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ पासून आहेत, केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने पण जानेवारी २०२३ मधे सूचना काढल्यात की पैसे किंवा वस्तू घेऊन बोलत असाल तर ते ठळक सांगायचं. ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, परत केलं तर पन्नास लाखांपर्यंत. पोराला हे ठाऊक नव्हतं, मला पण नव्हतं. नेटवर्कला नव्हतं असं मी मानत नाय, ते रोज हेच काम करतात. पण व्हिडिओवर तोंड कुणाचं? माझं.

म्हणून म्हणतो, पैशाचा हिशोब झाकलेला असेल तर सल्ला पण झाकलेलाच असतो. कुणी किती दिले ते मधल्यालाच माहीत, तर बांधावर उभं राहून बोलणारा कुणाचं बोलतोय ते शेतकऱ्याला कसं कळणार? कृषी अधिकारी साहेब, तुम्ही पण फुकट मुलाखती देता. तुमच्या मुलाखतीच्या आधी, मधे, नंतर कुठल्या औषधाची जाहिरात लागते ती एकदा बघा. आणि चॅनेलवाल्याला विचारा, तू नेटवर्कमधे आहेस का, माझ्या व्हिडिओबरोबर कोणाची डील जोडणार आहेस का. विचारायला लाजू नका.

मला काय पाहिजे? फार काही नाय. महिन्याची पट्टी. तिच्यात यूट्यूबकडून या चॅनेलच्या नावावर किती डॉलर आले, कुठल्या तारखेला, कुठल्या दराने रुपये केले, टीडीएस किती कापला आणि तो पॅनवर जमा झाला का, बँकेचा खर्च पावतीसकट, नेटवर्कचा हिस्सा किती, आणि ब्रँडवाल्याने दिलेली पूर्ण रक्कम. आणि यूट्यूबच्या पानावरचा कमाईचा आकडा चॅनेलवाल्याला कायम दिसला पाहिजे, तो बंद करायचं बटण मधल्याच्या हातात असू नये. हे करायला त्यांना नवीन मशीन लागणार नाय. सगळं त्यांच्या कॉम्प्युटरमधे आहेच, नायतर ते स्वतःचे तीस टक्के कशावरून काढतात?

जे अजून सहीपर्यंत आलेले नाहीत त्यांनी करार मराठीत लिहून मागा. "निव्वळ" हा शब्द दिसला की पेन खाली ठेवा आणि वजाबाकीची यादी मागा. मुदत किती, सोडायचं तर नोटीस किती दिवसांची, सोडल्यावर जुने व्हिडिओ कुणाचे, हे विचारा. आणि मुळात नेटवर्क पाहिजेच का ते बघा. हजार सबस्क्रायबरवाल्याला यूट्यूब सरळ पैसे देतं, त्याला मधला माणूस लागत नाय. पुतण्याला त्या माणसाने दिलेल्या वचनातलं काय मिळालं? चॅनेल वाढवू म्हणाले होते. वाढला तो खेकड्याच्या व्हिडिओने, आणि तो करारापूर्वीचा आहे.

मला कमेंटमधे कोणी तरी लिहिणारच की दहावी पास माणसाने यात पडू नये. दहावीत मला गणितात ४७ होते. पण १२,३१७ मधून १,२३२ वजा करता येतात, आणि ९,४०० हे ११,०८५ पेक्षा कमी आहेत एवढं दिसतं.

सध्या काय चाललंय ते सांगतो. टॉनिकचा व्हिडिओ पोराने काढून टाकला. त्यावर नेटवर्कची ईमेल आली की डीलच्या अटीप्रमाणे तो वर्षभर ठेवायला पाहिजे होता, सहा हजार परत कापून घेऊ. कापा म्हटलं. पण कापताना पट्टी द्या, त्यात कंपनीचे एकूण किती आले ते लिहा, म्हणजे सहा हजार कशातले ते कळेल. त्यावर दहा दिवस झाले, उत्तर नाय. गेल्या सोमवारी आम्ही करार सोडायची नोटीस ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने, दोन्हीकडून पाठवली. नोटिशीची मुदत साठ दिवसांची आहे, म्हणजे भात झोडून होईपर्यंत कळेल. काय उत्तर येईल ते जसंच्या तसं इथे टाकीन.

कर्जतच्या त्या दादांना मी फोन करून तीन बाटल्यांचे पैसे पाठवतो म्हटलं होतं. ते घेत नाहीत. म्हणाले, त्यापेक्षा पनवेलचं बियाणं थोडं द्या, माझा पण एक तुकडा खारात आहे. कापणी झाली की दहा किलो बाजूला ठेवतोय.